शौचातलं रक्त आणि आपली लाज

तळेगाव दाभाड्यात आम्ही बचतगटाला बसतो, तेव्हा गुडघेदुखी, शुगर, अगदी पाळीचंही बोलणं निघतं. शौचातून रक्त जातं, हे मात्र कोणी काढत नाही. मूळव्याध असेल म्हणायचं आणि ताक प्यायचं! पुष्कळदा असतेही मूळव्याधच. पण आतड्याच्या कॅन्सरचं रक्तही तसंच दिसू शकतं.

मायमर महाविद्यालयाचं सरदेसाई रुग्णालय गावातच आहे. तरी पाय उचलत नाही, कारण रांगेत ओळखीचं कोणी भेटेल. त्या लाजेखाली भीती असते: काही निघालं तर घर कोण बघणार? खरं तर हा कॅन्सर बहुधा आतड्यातल्या छोट्या कोंबातून, कित्येक वर्षांनी होतो. वेळेत कळलं तर दुर्बिणीने तो कोंबच काढता येतो.

सरकारी तपासणीत तिशीनंतर तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख बघतात. आतडं त्यात नाही, म्हणून पन्नाशीच्या आसपास आपणच विचारायचं. घरच्या कोणाला झाला असेल, तर आधीच. एका तपासणीत शौचाचा नमुना घरीच डबीत घ्यायचा असतो. न दिसणारं रक्त त्यात कळतं. रक्त डोळ्यांना दिसत असेल, तर मात्र थेट डॉक्टरकडे जा. बाई डॉक्टर मागा. तोंडाने सांगवत नसेल, तर चिठ्ठीवर लिहून द्या: रक्त जातं, इतके दिवस झाले.