किल्लीला साक्षीदार हवा

इसवी सन १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन या अमेरिकी संशोधकांनी असा विचार मांडला की, गुप्त पत्रव्यवहार करू इच्छिणाऱ्याने किल्ल्यांची जोडी बाळगावी. एक जगजाहीर करावी, दुसरी प्राणांपलीकडे जपावी, आणि जाहीर किल्लीने बंद केलेला मजकूर केवळ गुप्त किल्लीनेच उघडावा. १९९१ साली फिल झिमरमन यांच्या ‘पीजीपी’ या आज्ञावलीने ही विद्या घरोघरच्या संगणकांपर्यंत आणून पोहोचविली, तथापि अमुक नावाने प्रसिद्ध झालेली किल्ली खरोखर त्याच इसमाची आहे, याची हमी कोणी द्यावयाची, हा प्रश्न गणिताच्या अधिकारकक्षेबाहेरच राहिला. तोतयाने दुसऱ्याच्या नावे किल्ली जाहीर केली, तर कुलूप अभेद्य असूनही पत्र बिनबोभाट वैऱ्याच्या हाती पडते.

यावर निघालेला तोडगा, दस्तनोंदणीच्या कचेरीत गेलेल्या कोणासही परका वाटणार नाही. लिहून देणाऱ्याला ओळखणारे साक्षीदार जसे निबंधकासमोर हजर राहतात, तशी येथे ओळखीची माणसे एकमेकांच्या किल्लीवर आपल्या किल्लीने स्वाक्षरी करतात. निबंधक मात्र कोणीच नसतो; अशा परस्पर स्वाक्षऱ्यांतूनच विश्वासाचे जाळे विणले जाते.

या कामासाठी भरणाऱ्या मेळाव्याला ‘की-साइनिंग पार्टी’ असे उत्सवी नाव असले, तरी तेथील काम मोठ्या चिकाटीचे असते. संगणकाची तेथे गरजच नसते. किल्लीवरून गणिताने काढलेला चाळीस अक्षरांचा ठसा प्रत्येकजण कागदावर छापून आणतो, तो अक्षर न् अक्षर ताडून पाहिला जातो आणि पारपत्रावरील छायाचित्र समोरच्या चेहऱ्याशी जुळविले जाते. शेवटची आठ अक्षरे जुळली म्हणजे पुरे, ही सवय घातक होय. कारण तेवढीच अक्षरे जुळणारी बनावट किल्ली साध्या ग्राफिक्स कार्डावर काही सेकंदांत घडविता येते, हे २०१४ साली सप्रयोग सिद्ध झाले आहे. स्वाक्षरी मागाहून, घरी गेल्यावर होते. आणि काळजीपूर्वक वागणारे लोक ती कुलूपबंद करून त्या किल्लीवर नोंदलेल्या ईमेल पत्त्यावरच धाडतात, जेणेकरून पत्ता व गुप्त किल्ली या दोहोंवर ज्याचा ताबा आहे, त्यालाच ती मिळावी.

ऑगस्ट २०११ मध्ये लिनक्सच्या गाभ्याची आज्ञावली जेथून जगाला वितरित होते, त्या यंत्रणेतच घुसखोरी झाल्याचे उघडकीस आले, तेव्हा या खटाटोपाचे महत्त्व ध्यानी आले. खाती नव्याने देताना जुन्या परवलीच्या शब्दांवर विसंबणे अशक्य झाले, आणि वर्षानुवर्षे मुख्यतः पत्रांतून एकमेकांस जाणणाऱ्या विकसकांनी त्या ऑक्टोबरात प्राग येथील परिषदेत समक्ष भेटून किल्ल्यांची खातरजमा करून घेतली.

परंतु पारपत्र म्हणजे ओळख, असे मानणे मला धोक्याचे वाटते. २००६ साली मेक्सिकोतील ओशतेपेक येथे ‘डेबियन’ या लिनक्स-आधारित प्रणालीच्या विकसकांच्या मेळाव्यात एका सहभाग्याने, कोणत्याही देशाच्या सरकारने न दिलेले, एका काल्पनिक प्रजासत्ताकाचे ओळखपत्र मुद्दाम पुढे केले, आणि त्यावर हरकत घेणारे थोडेच निघाले. यात हलगर्जीपणापेक्षा अगतिकता अधिक होती; पन्नास देशांच्या सरकारी मोहरांची पारख एखाद्या संगणकतज्ज्ञाने कशी करावी? म्हणून ज्याच्यासोबत दीर्घकाळ काम केले आहे, ज्याची लेखनाची ढब परिचयाची आहे, त्याच्याच किल्लीवर स्वाक्षरी करण्याचा काहींचा दंडक मला अधिक भरवशाचा वाटतो, मग त्यापायी विश्वासाचे जाळे कितीही विरळ राहो.