पन्नासच्या यंत्राला पंचवीसचा प्रश्न

कॅलिब्रेशन झालं की आमच्याकडची नवी मुलं तोच लोड पुन्हा लावून बघतात. पडद्यावर उणे 60 डीबी दिसतं आणि हाक येते, "सर, परफेक्ट!"

व्हेक्टर नेटवर्क अ‍ॅनलायझर, म्हणजे आमचा व्हीएनए, सर्किटमध्ये मायक्रोवेव्ह सोडतो. किती परत आली, किती पलीकडे गेली, तेही फेजसकट मोजतो. केबल, कनेक्टर आणि खुद्द यंत्राच्या चुका त्यात मिसळलेल्या असतात. म्हणून आधी शॉर्ट, ओपन आणि लोड हे ज्ञात नमुने लावायचे, मग दोन्ही टोकं जोडायची. यंत्र चुकांचा हिशेब मांडतं आणि पुढच्या मापांतून त्या काढून टाकतं.

गोम अशी, की लोड 50 ओहमचा आहे हे आपणच त्याला सांगितलेलं असतं. तो प्रत्यक्षात 52 ओहमचा असला, तर खरं परावर्तन उणे 34 डीबी. पडद्यावर मात्र उणे 60च. वाण्याने काटा ज्या वजनावर जुळवला, तेच वजन परत ठेवलं तर काटा बरोबरच दाखवणार!

म्हणून कॅलिब्रेशनमध्ये न वापरलेली वस्तू लावायची. माझी आवडती म्हणजे बीटी लाइन. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्समधल्या आर. डब्ल्यू. बीटींच्या नावाची. 50 ओहमच्या लाइनमध्ये मधला वाहक जाड करून 25 ओहमचा तुकडा बसवलेला. तो पाव तरंगलांबीचा ठरतो तिथे 36 टक्के शक्ती परत यायला हवी, अर्ध्या तरंगलांबीला जवळपास शून्य. हे आकडे तुकड्याच्या लांबी-जाडीवरून निघतात, लोडच्या भरवशावर नाही. आलेखाच्या गुळगुळीत कमानींवर बारीक लाटा उठल्या, की समजायचं चूक उरलीय.

बऱ्याचदा दोष कनेक्टरचा निघतो. 30 गिगाहर्ट्झला तरंगलांबी अवघी 1 सेंटिमीटर. जोड 14 मायक्रॉन सरकला तरी परावर्तनाची फेज एका अंशाने हलते. म्हणून 3.5 मिलिमीटरच्या कनेक्टरला 0.9 न्यूटन-मीटरचा टॉर्क रेंच, आणि फिरवायचा तो फक्त नट. हाताने "घट्ट झालं" म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही.

चूक उरल्याचं कधी आकडाच सांगतो. एका ग्राहकाच्या रिपोर्टात साधा फिल्टर सिग्नल 0.1 डीबी वाढवून देत होता. बॅटरीशिवाय! तो रिपोर्ट मी तिथेच मिटला.

बीटी लाइन मी काम संपल्यावरही लावतो, कारण एसी चालू-बंद झाला, केबल वाकली, की सकाळचं कॅलिब्रेशन सरकतं. दोन्ही आलेख एकावर एक बसले नाहीत, तर मधली सगळी मापं पुन्हा घ्यायची.