कोयता निघण्याआधीचा कोरम

शाळा व्यवस्थापन समितीचं प्रोसिडिंग वाचायला बसलं तर पाच मिनिटांत झोप येईल. तारीख, विषय, सूचक, अनुमोदक, खाली सह्या आणि अंगठे. बीड जिल्ह्याच्या डोंगराळ भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मुख्याध्यापक होतो, म्हणजे समितीचा सचिवही मीच. अकरा वर्षं ते रजिस्टर माझ्या हातानं लिहिलं. त्यातल्या काही ठरावांमागे काय घडलं होतं ते मात्र त्या पानांवर कुठंच नाही.

शिक्षणहक्क कायदा 2010 साली लागू झाला. समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका हव्यात, असं त्यात आहे. फार चांगलं कलम आहे ते. अडचण आमच्या गावची होती. दिवाळी झाली की पालकच ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, मुकादमाकडून घेतलेली उचल, वेशीत उभे राहिलेले ट्रक. पंधरा दिवसांत गाव म्हाताऱ्यांचं होतं. समितीचा कोरमच उसाच्या फडात जातो.

आणि नेमका तेव्हाच समितीचा सगळ्यात मोठा निर्णय असतो: हंगामी वसतिगृह. नाव वसतिगृह असलं तरी आमच्याकडे इमारत नव्हती. मागं राहिलेली लेकरं रात्री आजीकडे झोपायची. दुपारी पोषण आहाराची खिचडी असायचीच, सकाळ-संध्याकाळचं जेवण या योजनेतून शाळेत व्हायचं. पैसा सरकारचा, चालवायचं समितीनं. म्हणून प्रस्तावाला समितीचा ठराव आणि मुलांची यादी लागायची, तीही आईबाप गाव सोडण्याआधी.

एका वर्षी ऊसतोडीच्या टोळ्या लवकर निघाल्या. संध्याकाळी कळलं, समितीच्या अध्यक्षबाईंचा ट्रक त्याच रात्री जाणार. मी शिपाई नसलेल्या शाळेचा मुख्याध्यापक, स्वतःच घरोघर फिरून निरोप दिले. रात्री नऊला वेशीतच, ट्रकच्या उजेडात बैठक बसली. बोचकी, चुली, शेळ्या वर चढत होत्या आणि खाली मी नावं वाचत होतो.

सहावीतल्या एका मुलीच्या नावावर गाडं अडलं. आई म्हणाली, "गुरुजी, तिचं नाव काढा. धाकटं वर्षाचं आहे. मी फडात गेल्यावर त्याला कोण बघंल?" कागदावर एवढंच झालं असतं की एक नाव कमी. अध्यक्षबाई तिसरीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी बोचकं खाली ठेवलं. "पोरगी एकदा फडात गेली की तिथंच तिच्या हाती कोयता येतो. माझ्या हाती तसाच आला," म्हणाल्या. मग तिथं उभ्या असलेल्या बायकांनी अर्धा तास खल केला. आजीला दिसत कमी होतं, पण भाकरी टाकता यायची. शेवटी ठरलं: तान्हं आईबरोबर जाईल आणि फडात ते सांभाळायला टोळीतलीच एक वयस्क आत्या कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, थांबेल, तिचा कोयता त्या हंगामात बंद. त्या आत्यानं स्वतःची कमाई सोडली, एका पोरीची शाळा चालू राहावी म्हणून. माझ्या रजिस्टरमध्ये यातलं एक अक्षर नाही. तिथं आहे, "यादी वाचून कायम करण्यात आली."

पुढचा प्रसंग डिसेंबरचा. मंजुरी आली होती, पैसे आले नव्हते. लेकरं रोज दोन वेळा जेवत होती आणि किराणा उधारीवर होता. दुकानदार वाईट माणूस नव्हता, त्याचंही वरचं देणं थकलं होतं. एक दिवस त्यानं तेलाचा डबा द्यायला नाही म्हटलं.

शाळेच्या खात्यावर मात्र रक्कम दिसत होती. संयुक्त शाळा अनुदानाची. शंभरच्या आत पट असलेल्या आमच्या शाळेला तेव्हा वर्षाला 25,000 रुपये मिळायचे. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर, बाकी दुरुस्ती, खडू-फळा, वीजबिल. एका हेडचा पैसा दुसऱ्या हेडला लावता येत नाही. हा नियम का आहे हे मला कळतं, मी तो कधी मोडलाही नाही. पण भिंतीला रंग द्यायला पैसे आहेत आणि तेलाला नाहीत, हे चौथीच्या मुलांना वाढताना फार जड जायचं.

गावात उरलेल्या सदस्यांची बैठक घेतली. चौघं जमले, कोरम होईना. म्हणून ठराव नाही, नुसतं बोलणं. आम्ही तीन शिक्षकांनी पगारातून थोडे घातले. एका आजोबांनी ज्वारीचं पोतं आणलं. रात्री अध्यक्षबाईंचा फोन आला, बहुतेक कुणीतरी कळवलं असावं. मागं टोळीचा गलका ऐकू येत होता. "दुकानदाराला सांगा, उधारी माझ्या नावावर लिहा. उचलीतून फेडीन."

मी ते होऊ दिलं नाही. आधीच उचलीत बुडालेल्या बाईनं सरकारच्या योजनेची उधारी अंगावर घ्यावी, हे मला सहनच झालं नसतं. पण त्यांनी तसं म्हटल्याचं दुकानदाराला सांगितलं, आणि तेलाचा डबा त्या रात्रीच शाळेत आला.

पैसे आले मार्चअखेर. 31 तारखेच्या आत खर्ची पडले नाहीत तर परत जाणार, म्हणून दोन दिवस मी तालुक्याला बिलं घेऊन बसलो होतो. दुकानदाराची पै न् पै फिटली.

पाडव्यानंतर टोळ्या आल्या. अध्यक्षबाई दुसऱ्याच दिवशी शाळेत. आधी सहावीच्या वर्गात डोकावून आल्या, पोरगी बाकावर होती. मग म्हणाल्या, "दिवाळीपासूनचं प्रोसिडिंग वाचून दाखवा." वाचत गेलो. प्रत्येक बैठकीच्या खाली त्यांच्या नावापुढं एकच शब्द होता: गैरहजर. चौथ्यांदा तो आला तसं त्यांनी मला थांबवलं.

"गुरुजी, हे असं वाचल्यावर माणसाला वाटंल मी घरात बसून होते."

झालेल्या पानांत खाडाखोड करता येत नव्हती. पुढच्या बैठकीत पहिलाच विषय घेतला. सूचक त्या स्वतः, अनुमोदक ती आत्या, जी त्या वर्षी पालकांतून समितीवर आली होती. ठराव असा: यापुढे सदस्य गैरहजर असल्यास नावापुढे कारण लिहावे. पुढच्या नोव्हेंबरच्या पानावर ओळीनं सात नावांपुढं मी लिहिलं, "ऊसतोडीला".