नानकटाईतली ‘कटाई’ कुठली?

मैत्रिणींनो, चूक माझीच, म्हणून मीच सांगते.

खोपोलीच्या एका शाळेत मी अर्धवेळ मराठी शिकवते. दिवाळीच्या फराळावरच्या निबंधात एका मुलीने ‘नानखताई’ लिहिले. मी लाल रेघ ओढली. “बाई, आमच्या घरी असंच म्हणतात,” ती हळूच म्हणाली. तिचे वडील बेकरीत भट्टीवर काम करतात. “घरी काहीही म्हणा, लिहायचं शुद्ध! कापून करतात म्हणून कटाई,” असे मी ठणकावले. बिचारी गप्प बसली.

संध्याकाळी कर्जतला घरी आले. बेकरीत भाजायला द्यायच्या नानकटाईचे पीठ मळायला घेतले. तूप-पिठीसाखर फेसली, मैदा, चिमूटभर सोडा, वेलची घातली, गोळे वळून तळहातावर दाबले. आणि एकदम हात थांबला. अगं बाई, यात कापायचे काय?

रात्री शब्दकोश काढून बसले. ‘नान’ म्हणजे फारसीत रोटी. हॉटेलातला तंदुरी नान तोच. आणि ‘खताई’ म्हणजे खता देशाची. खता हे चीनचे जुने नाव. १० व्या ते १२ व्या शतकात उत्तर चीनवर खितान लोकांचे राज्य होते, त्यांच्यावरून ते पडले. रशियन लोक चीनला आजही ‘किताय’च म्हणतात! म्हणजे नानखताई ही चीनकडची रोटी. आपल्या तोंडी ‘ख’चा ‘क’ झाला, ‘त’चा ‘ट’ झाला आणि कापाकापी आली.

सासूबाई ऐकत होत्या. “पायाने तुडवतात म्हणून पाव, हे तरी खरं ना?” त्यांनी विचारले. तेही नाही! पाव पोर्तुगिजांच्या भाषेतून आला, त्यांच्याकडे पावाला ‘पाँव’च म्हणतात. बिस्किटाचे मूळ लॅटिनमध्ये, अर्थ ‘दोनदा भाजलेले’. आपल्या चहातला टोस्ट खरोखरच दोनदा भाजतात, म्हणजे या नावावर खरा हक्क त्याचाच!

दुसऱ्या दिवशी वर्गात मी सगळे सांगितले. “नानकटाई आपल्याकडे रूढ आहे, पण मुळाजवळचा शब्द हिचा. चूक बाईंची,” असे म्हणून तिच्या वहीतली रेघ खोडली. पोरीचा चेहरा असा फुलला म्हणता!

घरी पदवीची चौकट भिंतीवर आहे. पण शब्द कुणाच्या घरात जपलेला असेल, काय सांगावे? मुलं घरचा शब्द बोलली, तर रेघ ओढण्याआधी एकदा कोश उघडावा, एवढे मी शिकले.