गोरेपणाच्या क्रीममध्ये दडलेला धोका

अकोल्यातील एकाच कुटुंबातील तिघींना मूत्रपिंडाचा विकार झाल्याचे २०२३ मध्ये उघड झाले. तिघीही एकच गोरेपणाचे क्रीम लावत होत्या. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील तपासणीत त्यात पारा सापडला. पारा त्वचेतील मेलॅनिन तयार होऊ देत नाही, म्हणून चेहरा उजळतो. पण त्वचेतून रक्तात जाऊन तो मूत्रपिंडावर घाला घालतो.

काही क्रीममध्ये स्टेरॉइड असते. सुरुवातीला चेहरा उजळतो, नंतर त्वचा पातळ होते, मुरमे येतात, लव वाढते. क्रीम थांबवले की आग होते, म्हणून मुलगी पुन्हा तेच लावते.

चौसाळ्यासारख्या गावातही मुलीच्या कानावर लहानपणापासून ‘रंग सावळा, स्थळ कसं यायचं?’ हेच पडते. त्यात मोबाइलच्या फिल्टरची भर. खरे तर हे मेलॅनिनच मराठवाड्याच्या उन्हात त्वचेचे रक्षण करते.

ट्यूबवर क्लोबेटासॉल, बीटामेथासोन किंवा मोमेटासोन लिहिले असेल तर ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय लावू नये. आधीपासून लावत असल्यास सल्ल्यानेच बंद करावी. उत्पादकाचे नाव-पत्ता नसलेले क्रीम घेऊच नये. अशी क्रीम लावणाऱ्या मुलीच्या पायावर सूज आली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर लगेच तपासणी करावी. आणि घरात मुलीच्या रंगावर बोलणे आजच थांबवावे.