काळ, काम आणि मोटार

काळ-काम-वेगाचीं उदाहरणें मीं वर्गांत पस्तीस वर्षें घातलीं. एका माणसास आठ तास, तर दोघांस चार, हें उत्तर मीं निःशंकपणें बरोबर धरीत आलों. परंतु जेथें एकच हात शिरतो, तेथें दुसरा माणूस आल्यानें काळ कमी होत नाहीं, हें साठी उलटल्यावर मला उमगलें. निमित्त झालें इंग्लंडांत नोकरीस असलेल्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या स्पोर्ट्स मोटारीचें.

त्याची गाडी एमजीबी. ही गाडी १९६२ ते १९८० या काळांत ॲबिंग्डन येथें तयार होत असे. तिचा क्लच बदलावयाचा, तर इंजिन उचलून बाहेर काढावें लागतें. त्याच वर्षांतली ट्रायम्फ स्पिटफायर घ्या. तिची आसनें व मधलें बोगद्यासारखें आच्छादन काढलें, कीं गिअरबॉक्स बसण्याच्या जागेंतूनच बाहेर घेतां येतो. इंजिन जागचें हलवावें लागत नाहीं. क्लचचें काम दोहींत सारखेंच. तेथवर जाण्याची वाट मात्र निराळी. मजुरी पडते ती या वाटेची. म्हणून तासांचा अंदाज करतांना प्रथम विचारावें, कीं त्या भागापर्यंत पोहोंचण्यास काय काय सोडवावें लागेल?

कारखानदारांच्या तक्त्यांत प्रत्येक कामाचे तास दिलेले असतात. पण ते सुस्थितींतल्या गाडीचे. जुन्या गाडीचे बोल्ट गंजलेले असतात. एखादा मोडला, तर तो कोरून काढण्यांतच बराच वेळ जातो. यास्तव अंदाज दोन आंकड्यांत मागावा : सर्व सुरळीत झाल्यास किती, आणि गंज आडवा आल्यास किती.

माझ्या विद्यार्थ्यानें प्रथम केवळ तासाचा दर पाहून कारागीर निवडला. त्यानें क्लचची तबकडी नवी बसविली, पण रिलीज बेअरिंग जुनेंच ठेवलें. कांहीं महिन्यांत तें झिजून आवाज करूं लागलें. एवढ्याशा भागासाठीं इंजिन पुन्हां बाहेर आलें, आणि सारी मजुरी दुसऱ्यांदा भरावी लागली!

दराचा हिशेबहि फसवा असतो. समजा, एक कारागीर तासाला ४० पौंड घेतो, पण गाडी नवखी असल्यामुळें १६ तास लावतो. दुसरा ६० पौंड घेऊन १० तासांत काम उरकतो. पहिल्याचे ६४० पौंड होतात, दुसऱ्याचे ६००. मग स्वस्त कोणता?

तेव्हां कारागिरास विचारावें : हेंच काम याच जातीच्या गाडीवर पूर्वी केलें आहे काय? इंजिन बाहेर असतांना आणखी कोणते भाग तपासाल? ठरल्याहून अधिक तास लागणार असतील, तर आधीं कळवाल काय? काढलेले जुने भाग दाखवाल काय? जो या प्रश्नांनीं चिडेल, त्यास दुरूनच नमस्कार करावा.

वह्या तपासतांना मी उत्तराइतकेच रीतीलाहि गुण देत असें. कारागिराकडेहि आधीं रीत मागावी. जो ती मोकळेपणानें उलगडून दाखवितो, त्याचें उत्तर सहसा चुकत नाहीं.