थकव्याचा पुरावा दुसऱ्या दिवशी सापडतो

भंडारा जिल्ह्यात ‘अंगात त्राणच उरले नाही’ म्हणत कोणी दवाखान्यात गेले, की डॉक्टरांचे लक्ष आधी रक्ताकडे जाते. पूर्व विदर्भात सिकलसेलचे प्रमाण मोठे आहे. थेंबभर रक्तावर सोल्युबिलिटी चाचणी होते, ती पॉझिटिव्ह आली की इलेक्ट्रोफोरेसिस, आणि थकव्याचे कारण कागदावर येते. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, क्षयरोग यांचेही तसेच. पण काही जणांचे सगळे रिपोर्ट नॉर्मल येतात आणि तरीही त्यांना अंथरूण सोडवत नाही. असा माणूस माजी सैनिक असेल, तर प्रश्न तब्येतीपुरता राहत नाही. अपंगत्व निवृत्तिवेतन कागदावर ठरते आणि त्याच्या आजाराला दाखवायला कागद नसतो.

या आजाराला क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हणतात. वैद्यकातले जुने नाव मायाल्जिक एन्सेफेलोमायलायटिस. जागतिक आरोग्य संघटनेने 1969 मध्येच त्याची नोंद मज्जासंस्थेच्या आजारांत केली. अमेरिकेच्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने 2015 मध्ये निदानाच्या अटी ठरवल्या. सहा महिन्यांहून अधिक काळ कामाची क्षमता घटलेली हवी, श्रमानंतर त्रास उसळायला हवा आणि झोपूनही ताजेपणा येत नसावा. सोबत विचारांत गोंधळ किंवा उभे राहताना होणारा त्रास, यांपैकी एक तरी हवे.

यातली श्रमानंतरची उसळी ही आजाराची खरी खूण. लाखांदूर-पवनीकडच्या बांधीत रोवणीला उतरलेला निरोगी माणूसही संध्याकाळी थकतो, पण रात्रभराच्या झोपेने सावरतो. हा रुग्ण पऱ्ह्यांच्या चार पेंढ्या लावून घरी येतो, त्या दिवशी ठीकही दिसतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र अंग ठणकते, डोके चालत नाही, उभे राहिले की छाती धडधडते आणि पुढचा आठवडा खाटेवर जातो. तपासणीच्या टेबलावर तो दहा मिनिटे ठणठणीत दिसतो, हीच त्याची सर्वांत मोठी अडचण.

तरीही हा आजार मोजता येतो. सलग दोन दिवस सायकलवर श्रमचाचणी घेऊन श्वासातला ऑक्सिजन मोजला, तर निरोगी माणसाची कामगिरी दोन्ही दिवशी जवळपास सारखी येते. अनेक रुग्णांची दुसऱ्या दिवशी स्पष्टपणे घसरते. ही चाचणी रुग्णाला आणखी खाली नेऊ शकते, म्हणून ती सरसकट करू नये. त्याहून सोपा उपाय म्हणजे रुग्णाला आडवे झोपवून, मग भिंतीला टेकून दहा मिनिटे उभे करून दर मिनिटाला नाडी व रक्तदाब लिहिणे. त्याला बीपीचे यंत्र आणि घड्याळ एवढेच लागते. ‘व्यायाम वाढवा’ हा सल्लाही आता मागे पडला आहे. ब्रिटनच्या नाइस संस्थेने 2021 मध्ये टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याचा उपचार मार्गदर्शक सूचनांतून काढून टाकला.

आजार सुरू कसा होतो? ऑस्ट्रेलियातल्या डब्बो या ग्रामीण भागात संसर्ग झालेल्या 253 रुग्णांचा पाठपुरावा झाला. निष्कर्ष 2006 मध्ये प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनी सुमारे 11 टक्के रुग्णांत क्रॉनिक फटीग सिंड्रोम आढळला. त्यात रॉस रिव्हर विषाणूचे रुग्णही होते. हा डासांतून पसरणारा, चिकनगुनियाच्या कुळातला विषाणू. सुरुवातीचा ताप जितका तीव्र, तितका धोका जास्त. मानसिक स्वभावाशी त्याचा संबंध दिसला नाही. तैनातीत आलेल्या एखाद्या मोठ्या तापाची नोंद म्हणूनच मोलाची ठरते.

माजी सैनिकांच्या बाबतीत हा वाद सर्वाधिक गाजला तो अमेरिकेत. 1990-91 च्या आखाती युद्धात तिचे सुमारे सात लाख सैनिक होते आणि परतल्यावर त्यातले हजारो न उलगडणाऱ्या थकव्याने खचले. 2001 च्या कायद्याने तेथे तैनात असलेल्यांचा क्रॉनिक फटीग सिंड्रोम सेवेशी जोडलेला मानला जाऊ लागला. कारण सिद्ध करण्याचे ओझे सैनिकावरून उतरले. तरीही 2017 मध्ये सरकारी लेखापरीक्षकांना आढळले, की या युद्धाशी जोडलेल्या अशा आजारांचे दावे मंजूर होण्याचे प्रमाण इतर दाव्यांच्या सुमारे एक तृतीयांशच होते. कायदा बदलला, पण तपासणाऱ्यांना पुरेसे प्रशिक्षण नव्हते.

आपल्याकडेही अशा सैनिकाला आधार आहे. धरमवीर सिंग खटल्यात 2 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 1982 च्या नियमांवर बोट ठेवून सांगितले, की भरतीवेळी आजाराची नोंद नसेल तर सैनिक निरोगी होता असे धरावे. आजार सेवेमुळे नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी लष्कराची. त्या जवानाला अपस्माराचे झटके येत होते आणि मेडिकल बोर्डाने कारण न देता आजार ‘प्रकृतिजन्य’ ठरवला होता. 2023 मध्ये नवे नियम आले. त्यामुळे निवृत्तीची तारीख पाहूनच अपील लिहावे. लष्करी अपिलांत यश आले नाही, तर महाराष्ट्रासाठी सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे मुंबई खंडपीठ आहे आणि अंतिम आदेशापासून सहा महिन्यांत तिथे अर्ज करायचा असतो.

अपिलाचा कागद मात्र घरी तयार होतो. रोज काय काम केले, दुसऱ्या दिवशी काय झाले, किती तास आडवे राहावे लागले, हे तारखेसह वहीत लिहावे. सेवाकाळातल्या तापाची, इस्पितळातल्या दाखल्याची, वैद्यकीय श्रेणी घटल्याची नक्कल मागवावी. सिकलसेल, थायरॉइड, क्षयरोग नसल्याचे रिपोर्ट फेकू नयेत. इतर कारणे वगळली गेली, हेच ते सिद्ध करतात. भंडाऱ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ही फाइल घेऊन जावे. आणि बोर्डावरच्या डॉक्टरांनी ‘आज कसे वाटते’ यावर न थांबता ‘काल काय केले आणि आज त्याचे काय झाले’ हे विचारून उत्तर अहवालात नोंदवावे. नॉर्मल रिपोर्टवर दावा फेटाळणे सोपे आहे, पण विज्ञान आता त्या बाजूने उभे नाही.